विचारणीतलं गाव

द्वादशीचं पारणं रंगनायकी कधी घाईने सोडत नसे. हादग्याच्या पाल्याची भाजी, आवळ्याची पचडी, वाफ निघणारा भात, आणि पहिला घास हातात घेऊन पेरुमाळाचं नाव. पूर्वी हे दोन पानांवर वाढलेलं असे. आता एका पानावर, आणि तेही अर्ध्या पानात मावेल इतकंच. तरी ती केळीचं पान पुरतं उलगडून घेई. देवाच्या नावाने धरलेला उपवास दुमडलेल्या पानावर सोडणं तिच्या मनाला बरं वाटत नसे.

त्या दिवशी घास तोंडात जातो न जातो तोच दारातून आवाज आला, "वहिनी, जेवण होऊ दे सावकाश. मी ओट्यावर बसतो."

आवाज नन्नय्यांचा होता. तिच्या नवऱ्याचे, सुंदरराजनचे, लहानपणापासूनचे सोबती. सुंदरराजन गेल्यापासून वर्षभरात ते या ओट्यावर फारसे बसले नव्हते. येत, उभ्याउभ्या चौकशी करत, आणि वळत. रिकाम्या झोपाळ्याकडे त्यांना बघवत नसावं.

तिने हात धुतले, कॉफी केली आणि पेला-वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मदुरैच्या जुन्या राजमहालामागची ती गल्ली दुपारची अगदी निपचित पडली होती. एके काळी इथे प्रत्येक घरात माग होता आणि शेजारणीशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. आता कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू जाई, आणि ऐकायला पलीकडे कुणी नसे.

"वैजयंतीचं ठरलं," नन्नय्या म्हणाले. वैजयंती त्यांची नात. "आवणी महिन्यात. मुलगा सेलमचा, आपल्यातलाच. घरात बोली पण आपलीच बोलतात. म्हणजे त्यांना तसं वाटतं. तमिळ इतकं घातलंय त्यात की बोलीचं सांबार झालंय."

"मग आपली कुठे वेगळी आहे, अण्णा?"

"आपलं रस्सम आहे. निदान आरपार दिसतं." त्यांनी कॉफी वाटीत ओतली, पुन्हा पेल्यात ओतली, आणि पिता पिता थांबले. "विचारणी करायची म्हणतोय मी."

रंगनायकी उंबऱ्यावर टेकली.

त्यांच्या घराण्यांत लग्नाला विचारणी होत असे. मुलाकडची मंडळी मांडवाच्या तोंडाशी आली की मुलीकडचा वडीलधारा त्यांना आडवा होई आणि विचारी: कोण तुम्ही, कुठून आलात, का निघालात, वाटेत कुठे थांबलात, तिथे काय मिळालं. मुलाकडचा वडीलधारा एकेकाचं उत्तर देई. सोमनाथाच्या समुद्रकाठापासून मदुरैपर्यंतची विणकरांची सगळी वाट त्या सवाल-जबाबात चालून व्हायची, मग विडा हातात पडायचा, मग नवरदेव आत. या गल्लीत लग्न कुणाचंही असो, प्रश्न नन्नय्यांच्या तोंडून आणि उत्तरं सुंदरराजनच्या तोंडून, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. अलीकडे लग्नं भाड्याच्या सभागृहात होऊ लागली, बाहेर पुढचं वऱ्हाड ताटकळत उभं राहू लागलं, आणि विचारणीला कुणाला सवड राहिली नाही. सुंदरराजन गेल्यावर तर उत्तरं द्यायलाच कुणी उरलं नाही. त्याला मूलबाळ नव्हतं.

"सेलमच्या लोकांना येत नाही?" तिने विचारलं.

"त्यांना विचारलं तर म्हणाले, असलं काही असतं होय? वर म्हणाले, तुम्हाला येतंय ना, मग तुम्हीच दोन्ही बाजूंनी म्हणून टाका, वेळ वाचेल."

"तुम्हाला येतंच की. आयुष्यभर समोर उभं राहून ऐकलंत."

"येतं. पण विचारणाऱ्याने उत्तर उच्चारायचं नाही, वहिनी. आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं, म्हणजे मुलगी आपल्याच घरात राहिली. आजोबांनी तोंडावर बोट ठेवून शिकवलंय मला. मी न्हाणीघरात एकटा असतानाही म्हणत नाही."

"म्हणून आलात होय. मला वाटलं, हादग्याच्या वासाने आलात."

"वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता, ते वेगळं." ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "तुम्हाला येतात ना उत्तरं?"

तिला येत होती. दर लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सुंदरराजन झोपाळ्यावर बसून उजळणी करी आणि ती खाली बसून सुंगुडी साडीच्या गाठी बांधता बांधता त्याला प्रश्न घाली. चिमटीत कापडाचा कण धरायचा, त्याला सुताचे फेरे द्यायचे, ओढून गाठ मारायची. साडीभर गाठी झाल्या की कापड रंगाऱ्याकडे जाई. रंग चढला की गाठी सोडायच्या, आणि जिथे जिथे गाठ होती तिथे पांढरा टिपका राही. एक प्रश्न, एक उत्तर, एक गाठ, अशी तिची लय बसली होती. झोपाळा आता वर अडकवून ठेवलेला होता. गाठी ती अजून बांधत होती.

"मी मांडवात पुढे यायची नाही," ती म्हणाली. "माझं आता तिथे काम नाही."

"पुढे यायचं नाहीच. शिकवायचं. मुलाचा काका आहे, पद्मनाभन. वीज मंडळात मीटर वाचतो. तो उभा राहीन म्हणालाय. माणूस बडबड्या आहे, पण तोंडातून शब्द स्वच्छ काढतो."

कॉफी संपवून ते गेले. रंगनायकीने पेला धुतला, पालथा घातला, आणि मग उगाचच पुन्हा सुलटा करून पुसला. कितीतरी महिन्यांनी तिच्याकडे कुणीतरी काहीतरी मागितलं होतं.

पद्मनाभन रजा काढून आला तो तेप्पकुळाच्या तळ्याजवळ आपल्या चुलतभावाकडे उतरला. मुलीच्या घरी लग्नाआधी पाणीही प्यायचं नाही, असं त्याला आईने बजावून पाठवलं होतं. रोज सकाळी तो रंगनायकीच्या ओट्यावर येऊन मांडी घाली. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खिशाला बॅटरी लटकवलेला माणूस. रजेवर असूनही दारातून आत येताना त्याची नजर आधी मीटरकडे गेली.

"मामी, तुमचं चाकच फिरत नाहीये की. वीज वापरता का नुसता दिवा लावता?"

"दिवाच लावते. एकटीला किती लागतं?"

"मंडळाला असे लोक आवडत नाहीत," तो म्हणाला, आणि मोबाइल काढून पुढे धरला. "तुम्ही बोला, मी यात भरून घेतो."

"त्यात भरलं तर लग्नात त्याला उभं करणार का? तो खिशात ठेवा. माझ्या मागून म्हणा."

त्याने निमूट खिशात ठेवला. ती गाठी बांधू लागली आणि प्रश्न विचारू लागली; उत्तर आधी ती म्हणे, मग तो.

"कोण तुम्ही, कुठून आलात?"

"सूत कातणारे, वस्त्र विणणारे. सोमनाथाच्या पायाशी समुद्र आहे, तिथून आलो."

"का निघालात?"

"देऊळ पडलं. सूत खांद्यावर घेतलं आणि निघालो."

"मग कुठे थांबलात?"

"देवगिरीला."

"तिथे काय मिळालं?"

"राणीने आमचं वस्त्र अंगाला लावलं. आमच्या बोलीत मीठ पडलं."

"का निघालात?"

"किल्ला पडला. सूत खांद्यावर घेतलं आणि निघालो."

पद्मनाभन चांगला शिकत होता. 'मीठ पडलं' म्हणताना तो हटकून ओठांवरून जीभ फिरवी, आणि ती हसू दाबून खाली बघे. दुसऱ्या सकाळी ते विजयनगरला पोचले. तिथे लाल रंग मिळाला, मग नगर जळलं, सूत खांद्यावर घेतलं. तिसऱ्या सकाळी रंगनायकीने गाठींचं कापड बाजूला ठेवलं. आता जे यायचं होतं ते तिचं स्वतःचं होतं.

"मग वाटेत कुठे थांबलात?" तिने विचारलं आणि आपणच उत्तर दिलं, "एमनेश्वरला."

"एमनेश्वरला," पद्मनाभन म्हणाला.

"तिथे काय मिळालं?"

"वैगैच्या वाळूत ओंजळभर खड्डा केला. गोड पाणी लागलं."

"का निघालात? नीट ऐका हं. इथे काही पडलं नाही, काही जळलं नाही. इथे म्हणायचं, मदुरैहून बोलावणं आलं, म्हणून निघालो."

तिचा आवाज किंचित उंच झाला होता. एमनेश्वर तिचं माहेर. नदीला वर्षाचे दहा महिने पाणी नसे. तिच्या आईबरोबर ती वाळूत बसून खड्डा करी आणि पाणी झिरपून येईपर्यंत दोघी बोलत बसत. सोमनाथ, देवगिरी, विजयनगर, आणि त्या रांगेत आपलं एवढंसं गाव, याचा तिला फार अभिमान होता. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्या बायकांना ती सहज म्हटल्यासारखं म्हणे, आमचं गाव विचारणीत आहे.

पद्मनाभन मात्र पुढचं म्हणेना. तो कपाळाला आठी घालून बसला होता.

"मामी, हे एमनेश्वर म्हणजे परमकुडीच्या बाजूचं? नदीपलीकडचं?"

"तेच. तुम्ही पाहिलंय?"

"साडूच्या घरी गेलो होतो. सेलमहून मदुरैला आलो, मदुरैला बस बदलली, मग परमकुडी." त्याने ओट्यावर बोटाने रेघ ओढली. "आता हे लोक वरून येतायत. विजयनगर इथे, सेलमच्याही वर. खाली येताना आधी मदुरै लागणार. मग हे मदुरै ओलांडून पुढे एमनेश्वरला गेले, पाणी प्याले, आणि परत मागे फिरून मदुरैला आले?"

"आले असतील."

"सूत खांद्यावर घेऊन?"

"आधी एमनेश्वर आणि मग मदुरै," ती म्हणाली. "वाट अशीच आहे. मी त्याच वाटेने आले."

"तुम्ही आलात, मामी," पद्मनाभन अगदी साधेपणाने म्हणाला. "ते विजयनगरहून आले."

बोलून गेल्यावर त्यालाही काहीतरी कळलं असावं. तो उठला, "नकाशा कोण बघतंय म्हणा," असं पुटपुटला, आणि उद्या येतो सांगून गेला. रंगनायकीने कापड पुढे ओढलं. चिमटीत कण धरला, फेरे दिले, गाठ ओढली, तर सूत तुटलं. पुन्हा बांधली, पुन्हा तुटलं.

ऊन कलायच्या आत ती नन्नय्यांच्या घरी गेली. माजघरात चकलीसारखे मुरुक्कू तळले जात होते आणि बायकांचा कलकलाट होता. सगळ्यांनी तिला आत बोलावलं. ती ओट्याच्या कडेलाच टेकली आणि म्हणाली, अण्णांना जरा बाहेर पाठवा.

नन्नय्या हाताचं पीठ झटकत आले. तिने आडवळण घेतलं नाही.

"एमनेश्वर विचारणीत कधीपासून आहे?"

त्यांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, आणि न ओढताच मिटली.

"कुणी काही म्हणालं का?"

"मीटरवाल्याने वाट मोजली."

"हं," नन्नय्या म्हणाले. "त्याला बडबड्या म्हणालो होतो, हिशेबी आहे हे लक्षात नाही आलं." ते तिच्यापासून थोड्या अंतरावर बसले. "तुमच्या भावाने एमनेश्वरचं घर विकलं आणि सगळे बंगळूरला गेले, ते वर्ष आठवतं?"

ते तिला आठवत होतं. आईचा माग लाकडाच्या भावाने गेला होता. तिला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. कळलं तेव्हा घराला दुसऱ्याचं कुलूप होतं. त्यानंतर कितीतरी दिवस तिला घास गिळवत नव्हता आणि बोलावंसंही वाटत नव्हतं.

"त्याच दिवसांत कोपऱ्यावरच्या घरी लग्न होतं. मी विचारलं, विजयनगर सोडलंत, मग? आता मदुरै यायला हवं. तर हा म्हणतो, एमनेश्वरला. मला वाटलं जीभ घसरली. सावरून घ्यायला विचारलं, तिथे काय मिळालं. तर हा वाळूतलं पाणी काढून मोकळा. मांडवात काय बोलणार मी? बाहेर आल्यावर भांडलो. म्हटलं, सुंदरा, बापजाद्यांची वाट आहे ही, तुझ्या सासुरवाडीची नाही." नन्नय्यांनी डबी कनवटीला लावली. "तर म्हणाला, तिला आता कुठून आल्यासारखंच वाटत नाही रे. एक नाव कुठेतरी असू दे. तुला एक प्रश्न जास्त विचारावा लागेल, एवढंच."

"आणि तुम्ही विचारत राहिलात."

"दर वेळी मनातून चरफडत. पण विचारत राहिलो."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी हात हलवून थांबायला सांगितलं. रंगनायकीला त्या लग्नातली पंगत दिसत होती. मांडवात आपल्या गावाचं नाव ऐकून तिला हुंदका आला होता, आणि मग ती पानावर बसून पोटभर जेवली होती. आजवर आपण नीट कान देऊन ऐकलंच नव्हतं, गाव तर पहिल्यापासून होतं, अशीच तिने स्वतःची समजूत घातली होती.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"कसं सांगणार? तुम्ही पंगतीभर सांगत होता, आमचं गाव विचारणीत आहे म्हणून."

ती पदराने तोंड पुसून उठली. "उद्या त्याला सांगते ते वगळायला."

"मी म्हणत नाही तसं, वहिनी. आता राहिलंय तर..."

"माझ्यासाठी त्यांनी म्हटलं. ते म्हणत होते तोवर ठीक होतं. आता परक्या माणसाला मांडवाच्या दारात उभं करून त्याच्या तोंडून कशाला वदवायचं?" ती ओट्याच्या पायऱ्या उतरली. "तुम्हीही तो वाटेतला प्रश्न विचारू नका. विजयनगर, आणि मग मदुरै. बापजाद्यांची होती तशी."

"बरं," नन्नय्या म्हणाले. वाद घालायची सवय असलेला माणूस इतकं लवकर बरं म्हणाला, याचंच तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पद्मनाभनने बरीच काकुळती केली. चूक माझी, मी उगाच रेघ ओढली, देवगिरीची वाट तरी कुणी मोजलीय, असं काय काय म्हणाला. ती ऐकेना. नदी, वाळू, पाणी आणि बोलावणं असं सगळं तिने त्याच्याकडून विसरून घेतलं, म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा विजयनगरवरून थेट मदुरैवर यायला लावलं, तो अडखळेनासा होईपर्यंत. तो गेल्यावर ती देवापुढे बसली. शनिवारचा उपवास होता, तुळशीची माळ ओवायची होती. सुंदरराजन गेला त्या दिवशी घर रिकामं झालं होतं, तरी त्या रिकामपणात त्याचं काही ना काही सापडत असे. आज सापडलं ते एवढं मोठं होतं, आणि त्याबद्दल विचारावं तर विचारायला तो नव्हता. का केलंत असं, एवढं तरी. किंवा काही न विचारता नुसतं पाणी तरी दिलं असतं हातात.

लग्नाच्या दिवशी ती सभागृहात मागच्या बाजूला, खांबाच्या आड बसली. नवऱ्यामागे राहिलेल्या बायकांनी कुठे बसायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं. शेजारी मुलाकडची एक वाळकी म्हातारी बसली होती. पद्मनाभनची आई, असं तिने आपण होऊन सांगितलं, आणि पाय दाबत राहिली. सेलमहून रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळून सुजले होते.

नादस्वरवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. नन्नय्या उपरणं सावरून दारात आडवे उभे राहिले. समोर नवरा मुलगा, आणि त्याच्या पुढे पद्मनाभन, नवीन जरीकाठी धोतरात. तरुण पोरांनी मोबाइल वर केले.

"कोण तुम्ही, कुठून आलात?"

पद्मनाभनचा आवाज खणखणीत लागला. समुद्र आला, देवगिरी आली. मीठ पडलं म्हणताना त्याने जीभ फिरवली, आणि रंगनायकीचे ओठ खांबाआड त्याच्याबरोबर हलत राहिले. म्हातारे लोक एकेक करून खुर्च्यांवरून उठून जवळ गेले. लाल रंग मिळाला. नगर जळलं. सूत खांद्यावर घेतलं आणि निघालो.

आता विचारायचं होतं, शेवटी कुठे पोचलात, आणि उत्तर मदुरै. नन्नय्यांनी श्वास घेतला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "मग वाटेत कुठे थांबलात?"

निघालं आणि निघाल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. इतकी वर्षं चरफडत विचारलेला प्रश्न जिभेला आपोआप पाठ झाला होता. पण विचारणीत विचारलेलं मागे घेता येत नाही. विचारलं की उत्तर यायला हवं, नाहीतर मांडवाचं दार उघडायचं नाही.

पद्मनाभनकडून ते विसरून घेतलेलं होतं. त्याने मान वळवून गर्दीत तिला शोधलं. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. रंगनायकीच्या जिभेच्या टोकावर ते नाव होतं. एवढ्या शांततेत ते हळू म्हटलं असतं तरी दारापर्यंत गेलं असतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि खांबाला हात लावला.

"सेलमला," पद्मनाभन म्हणाला.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. नन्नय्या त्याच्याकडे बघत राहिले. मग, दुसरा उपायच नव्हता म्हणून, त्यांनी पुढचं विचारलं, "तिथे काय मिळालं?"

"एक खोली मिळाली," पद्मनाभन म्हणाला. आता त्याचा आवाज खणखणीत नव्हता, रोजच्या बोलण्यातला होता. "भाड्याची. आजोबा माग डोक्यावर घेऊन उतरले, तर मागाला जागा होती आणि माणसांना नव्हती. माणसं बाहेर निजली."

कुणी हसलं नाही.

"मग का निघालात?"

"निघालो कुठे? अजून तिथेच आहोत. मुलगी न्यायला आलोय."

यावर मात्र सगळा मांडव हसला. पोरं ओरडली, बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि नन्नय्यांनी, कधी नव्हे ते, डोळे पुसत विडा पुढे केला. नादस्वर सुरू झाला. मंडळी आत घुसली.

रंगनायकी बसून राहिली. जिथे तिचं गाव होतं तिथे आता सेलम बसलं होतं, एका भाड्याच्या खोलीसकट. पोरांच्या मोबाइलमध्ये ते भरलंही गेलं होतं. पुढच्या लग्नात सेलमचं कुणी उभं राहिलं तर हेच म्हणणार. तिला राग आला नाही. तिच्या मनात निराळंच काही येत होतं. देवगिरीसुद्धा अशीच आली असेल काय? कुणा बाईचं घास गिळणं थांबलं असेल, कुणीतरी तिच्यासाठी एक नाव मध्ये घातलं असेल, आणि समोरच्याने चरफडत एक प्रश्न वाढवला असेल. मग तो माणूस गेला, ती बाई गेली, आणि नाव तेवढं चालत राहिलं. देवगिरीला कुणी मोजणारा भेटला नाही, एवढंच. एमनेश्वरला तो लवकर भेटला.

शेजारच्या म्हातारीने तिचा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"खोलीला खिडकी नव्हती," ती म्हणाली. "ते नाही सांगितलं त्याने. मी नवी नवरी आले तेव्हा माझी सासू मला म्हणाली, उजेड हवा तर दारात बस, पण पाय आत ठेव. मी वर्षभर अशी बसले. एकदा पावसात..."

रंगनायकी ऐकत राहिली. म्हातारीने खोलीतला प्रत्येक कोपरा सांगितला, चूल कुठे होती, पाळणा मागाच्या कुठल्या खांबाला बांधला होता, कुठलं मूल त्यात वाचलं आणि कुठलं नाही. पंगतीचं बोलावणं आलं तेव्हा दोघी एकमेकींना धरून उठल्या आणि कडेच्या पानांवर जाऊन बसल्या. वाढपी आंबट भाजी वाढून गेला. नन्नय्या लांबून रंगनायकीकडे बघत होते, जवळ यावं की नाही या विचारात. तिने मान हलवली, जेवून घ्या अशा अर्थाने.

"माझंच चाललंय मघापासून," म्हातारी म्हणाली. "तुमचं माहेर कुठलं?"

रंगनायकीने पानाभोवती पाणी फिरवलं, पेरुमाळाचं नाव घेतलं.

"इथलंच," ती म्हणाली. "मदुरैचं."

"मग बरंय बाई तुमचं. कुठे जावं लागलं नाही."

"हो ना," रंगनायकी म्हणाली, आणि म्हातारीचा हात पोचत नव्हता म्हणून मिठाची वाटी तिच्या पानाजवळ सरकवली.